मयत, बेपत्ता, निरंक

कोल्हापुरात पावसानं एकदा जोर धरला की भेटणारा माणूस खुशाली विचारत नाही. "किती झालं?" एवढंच विचारतो. उत्तर फूट आणि इंचात येतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१च्या जुलैमध्ये ५६ ओलांडलं. त्या दिवसांत तासातासाचा आकडा मोबाइलवर फिरत होता. एक इंच कमी झाला तरी गल्लीत "उतार लागला" म्हणून गलका व्हायचा.

त्याच दिवसांत दुसराही एक आकडा फिरत असतो, मृतांचा. इंचाइंचाचा हिशेब ठेवणाऱ्या या गावाला तो मात्र नीट सांगता येत नाही. "२०१९ला आपल्या जिल्ह्यात पुरानं किती माणसं गेली?" असं गंगावेशीत चहाच्या गाड्यावर विचारून बघा. तीन माणसं चार आकडे सांगतील. त्यात एकजण ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीतली माणसं धरेल, दुसरा म्हणेल ते सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, आपल्याकडं कसं धरायचं? तिसरा आपल्या पाहुण्यातलं एखादं नाव घेईल आणि विचारेल, "हे धरलं का त्यांनी?"

खरा प्रश्न तो तिसरा माणूस विचारतो. आपत्तीनंतर छापून येणारा मृतांचा आकडा म्हणजे किती माणसं मेली याचं उत्तर, असं आपण धरून चालतो. माझ्या मते तो आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: किती मरणं कागदोपत्री पुराला जोडता आली?

माझे एक मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जिल्हा कोणता, तालुका कोणता, ते राहू दे. पावसाळ्यात तालुक्यातून रोज वर जाणाऱ्या अहवालाचा तक्ता त्यांनी मला एकदा पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवला होता. आडव्या रेघा तालुक्यांच्या, उभे रकाने नुकसानीचे. मयत व्यक्ती. जखमी. बेपत्ता. मयत जनावरे, त्यात मोठी आणि लहान वेगळी. घरांची पडझड, त्यात पूर्णतः आणि अंशतः, पुन्हा कच्ची आणि पक्की. शेवटी शेरा. ज्या रकान्यात काही नाही तिथं शून्य घालायचं नाही, रेघ ओढायची नाही, 'निरंक' लिहायचं. "रकाना मोकळा सोडला की वरनं फोन आलाच," मामा म्हणाले. "मोकळा म्हंजे माहिती आली न्हाई. निरंक म्हंजे आली, आणि काही न्हाई."

हा फरक मला फार आवडला. सरकारी भाषेला आपण हसतो, पण काही घडलं नाही आणि काही कळलं नाही या दोन गोष्टी ती वेगळ्या ठेवते, आणि बातम्यांच्या भाषेला ते जमत नाही. "अद्याप जीवितहानीचे वृत्त नाही" असं वाक्य आलं की वाचणारा "कुणी मेलं नाही" असंच वाचतो. चिखली-आंबेवाडीचा रस्ता पाण्याखाली, मोबाइलचे टॉवर बंद, तिथनं वृत्त येणार कसं?

मग मयताच्या रकान्यात एकाचा आकडा कसा चढतो? पुरात माणूस वाहून गेला आणि दोन दिवसांनी काटेरी झुडपाला अडकलेला सापडला, असं धरू. पोलीस पाटील खबर देतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंच बोलावून मरणोत्तर पंचनामा होतो: अंगावर काय कपडे, कुठं खरचटलंय, हातात गंडा आहे का. मग शवविच्छेदन. डॉक्टर कारण लिहितात, पाण्यात बुडून. तलाठी स्थळ पाहून अहवाल देतो, तहसीलदारांकडं प्रस्ताव जातो, वारस ठरतो, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून चार लाखांची मदत मंजूर होते. या साखळीतली एक कडी निसटली तर मरण खोटं ठरत नाही, फक्त ते पुराचं राहत नाही.

मामांचं एक वाक्य मी तेव्हा डायरीत उतरवून घेतलं होतं: "पुरात मेला आणि पुरानं मेला, ह्यात आमची निम्मी नोकरी गेली." पुराच्या दिवसांत दारू पिऊन ओढ्यात पडलेला धरायचा का? पाणी बघायला पुलावर गेलेला आणि पाय घसरलेला? छातीपर्यंत पाण्यातनं म्हैस सोडवायला गेलेला आणि तिथंच हृदय बंद पडलेला? यातल्या प्रत्येकाच्या दारात रडारड सारखीच असते. तक्त्याला मात्र कारण लागतं. आणि कारण ठरवणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्या एका शब्दावर चार लाख अवलंबून आहेत, म्हणून तो शब्द जपून वापरतो. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पैसे आकड्याला बांधले की आकडा कडक होणारच.

पुराचं पाणी ओसरल्यावर जे होतं ते तर या तक्त्यात येतच नाही. शिरोळकडं घरात गाळ साठलेला असतो, त्यात विळे-कोयत्यांबरोबर सापही असतात. गाळ काढताना शेतकऱ्याला पान लागलं, तर त्याचा कागद गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेकडं जातो, दोन लाखांच्या मदतीसाठी, कृषी खात्यामार्फत. भिजलेल्या मोटारीचा शॉक लागून गेला, तर चौकशी वीज खात्याकडं. लेप्टोचा ताप येऊन गेला, तर नोंद आरोग्य खात्यात, साथरोगाच्या यादीत. ऊस आठवडाभर पाण्याखाली राहून कुजला, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं, आणि दिवाळीनंतर माणसानं जीव दिला, तर ते प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं. तिथं दोनच शिक्के, पात्र आणि अपात्र. पात्र ठरला तर एक लाख. पूर एकच, वह्या मात्र पाच. पाचही वह्या चोख असतील, पण त्या एका टेबलावर उघडून बेरीज करायचं काम कुणाचंच नाही.

आमच्या जुन्या शेजारातले एक काका होते. शुक्रवार पेठेत घर, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१९ला पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मुलांनी त्यांना उचलून राजारामपुरीत बहिणीकडं नेलं, म्हणजे पाण्याचा त्यांना थेंबही शिवला नाही. पण त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं. ज्यांना तो आठवडा आठवतो त्यांना सांगायला नको. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवेला, बालिंगा-शिंगणापूरचे पंप बुडाल्यामुळं सगळ्या शहराचे नळ कोरडे, आणि टँकरमागं कळशा घेऊन पळणारी माणसं. डायलिसिसला शुद्ध पाणी लागतं आणि ते ढिगानं लागतं. काकांच्या पाळ्या चुकल्या, मग लांबल्या. पायाला सूज, मग धाप. महिनाअखेरीस ते गेले. दाखल्यावर मूत्रपिंडाचा जुना आजार, आणि ते खरंच आहे, डॉक्टरांनी दुसरं काय लिहायचं? काकू आजही "पुरात गेले आमचे" असंच सांगतात. त्यांना दुरुस्त करायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही.

असंच दुखणं खूप मोठ्या प्रमाणावर एका बेटानं भोगलं. २० सप्टेंबर २०१७ला मारिया नावाचं चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळलं. सरकारी आकडा पुढं कितीतरी महिने ६४ राहिला. घर अंगावर पडलेले, पाण्यात बुडालेले, दरडीखाली सापडलेले. पण वीज महिनोन् महिने नव्हती. ऑक्सिजनची यंत्रं बंद, इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही, डायलिसिसची केंद्रं बंद. ऑगस्ट २०१८मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचा अभ्यास आला आणि सरकारनं आकडा २,९७५ केला. या अभ्यासकांनी एकेक प्रेत तपासलं नाही. वादळ आलंच नसतं तर या महिन्यांत साधारण किती माणसं गेली असती याचा अंदाज बांधला, प्रत्यक्षात किती गेली ते नोंदवहीत पाहिलं आणि वजाबाकी केली. याला जादा मृत्यू म्हणतात. यात एक अडचण आहे: या २,९७५ माणसांची यादी करता येत नाही. नेमकी कोण, ते हिशेबाला ठाऊकच नसतं. म्हणजे ६४ माणसांना नावं होती पण आकडा खोटा, आणि २,९७५ हा आकडा खऱ्याच्या जवळ पण त्याला नावं नाहीत.

कोरोनात आपल्याकडं हाच वाद पेटला. २०२१ संपता संपता देशाचा सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांच्या घरात होता आणि जागतिक आरोग्य संघटनेचा जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख. सरकारला ती पद्धतच मान्य नव्हती. बिहारनं तर त्याच वर्षी जूनमध्ये फेरतपासणी करून एका दिवसात आपला आकडा ५,४०० वरून ९,३०० च्या पुढं नेला होता. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं ५० हजारांच्या मदतीसाठी व्याख्या सैल केली, चाचणीनंतर ३० दिवसांतलं मरण कोरोनाचं धरायचं. मग घरी येऊन ३१व्या दिवशी गेलेल्याचं काय, हे विचारायला जाऊ नये. कुठंतरी रेघ मारावी लागते आणि रेघेपलीकडं कुणीतरी उभा असतोच.

बेपत्तांचा रकाना मला सगळ्यात अवघड वाटतो. कायद्यानं, सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मेलेला मानता येतं. पण दरडीखाली अख्खी वस्ती गेली असेल तर घरच्यांनी सात वर्षं वाट बघायची? २०१३च्या केदारनाथनंतर केंद्रानं या अटीला वळसा घालून खास पद्धत काढली: बेपत्ता असल्याची तक्रार, चौकशी, जाहीर सूचना, हरकती, आणि मग दाखला. आपल्याकडं जुलै २०२३मध्ये खालापूरजवळच्या इर्शाळवाडीत २७ मृतदेह निघाले, ५७ जण सापडलेच नाहीत. चार-पाच दिवसांनी शोध थांबवला. त्यानंतर तक्त्यात ५७ हा आकडा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला, म्हणजे लिहायला एवढंच झालं. नात्यातल्या माणसांना मात्र चितेशिवाय सुतक धरावं लागलं. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या सेंडाई आराखड्याच्या मोजपट्टीत मृत आणि बेपत्ता मिळूनच मोजायचे असं ठरलंय, आणि ते शहाणपणाचं आहे. बेपत्तांना बाहेर ठेवलं तर सर्वांत भीषण आपत्ती, जिथं शरीरही उरत नाही, तीच कागदावर सौम्य दिसेल.

आकडा नेहमी चढतच जातो असंही नाही. २००१च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मृत आणि बेपत्ता मिळून सहा हजारांवर सांगितले जात होते. एकाच माणसाची तक्रार आईनं, बायकोनं आणि ऑफिसनं वेगवेगळी दिलेली. नावं जुळवत नेली तसा आकडा उतरत तीन हजारांच्या आत आला. आणि किल्लारीचा आकडा ३० वर्षं उलटली तरी एका जागी बसलेला नाही. कुठं आठ हजारांच्या आत वाचाल, कुठं दहा हजारांच्या जवळ. पहाटे चारच्या आत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, कितीतरी घरात पाहुणे. रेशनकार्डावर त्यांची नावं कुठून असणार?

आमच्या वर्तमानपत्रांचा आवडता शब्द 'बळी'. पुराचा पाचवा बळी, डेंग्यूचा दुसरा बळी, खड्ड्यानं घेतला बळी. छोटा शब्द आहे, मथळ्यात बसतो, हे कारण मी समजू शकतो. पण बळी म्हटलं की कुणीतरी तो घेणारा लागतो, आणि पुरात ती जागा आपोआप नदीला मिळते. पंचगंगेला पूर आला की बायका तिची ओटी भरतात, तीच नदी बळीही घेते, असं सगळं एका जुन्या गोष्टीत नीट बसून जातं. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ला बोट उलटून १७ जण गेले. बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसं होती, कारण पुन्हा बोट येईल याची कुणालाच खात्री नव्हती. हे बळी कृष्णेचे, असं लिहिलं की पुढचं विचारायची गरजच संपते. कचेरीतला 'मयत' हा शब्द कानाला रुक्ष लागतो, पण तो कुणावर आळ घेत नाही आणि कुणाला सोडतही नाही.

'जीवितहानी' तर त्याहून पातळ. तिच्या आधी 'सुदैवाने' आणि पुढं 'झाली नाही' हे ठरलेलं. शिरोळ-हातकणंगल्याच्या गोठ्यांत त्या वर्षी किती जनावरं दाव्याला बांधलेलीच बुडाली! ज्यांना निघताना दावी कापायला वेळ मिळाला त्यांची काही वाचली. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मोबाइलमधला फोटो दाखवला होता: फुगलेली म्हैस आणि तिच्या कानातला पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर वाचता येईल असा जवळून काढलेला. नंबर दिसला नाही तर पंचनाम्यात ती म्हैस आपली ठरणार नाही, अशी त्याला धास्ती. दुभत्या जनावराला तेव्हा तीस हजारांची मदत होती. बाजारात तशी मुऱ्हा लाखाच्या खाली मिळत नाही, पण त्याला पैशाचं बोलायचंच नव्हतं. "चार वेताची होती," एवढं तो म्हणाला.

मोजदादीला पायरी असते हे आपल्याला नवीन नाही. पानिपतानंतर पेशव्यांना गेलेला सांकेतिक निरोप शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. शब्द थोडे इकडंतिकडं होतात, पण गाभा हाच: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मास्तर हे भाषेचं सौंदर्य म्हणून शिकवायचे. मला तेव्हापासून तो खुर्दा खटकतो. मोती कोण ते सगळ्यांना पाठ आहे. खुर्द्याच्या घरी निरोप कुणी नेला, की परत आला नाही यावरूनच ओळखायचं होतं?

खुर्द्याची मोजणी आपल्याकडं पुढं खेड्यात सुरू झाली. गावचा कोतवाल जन्म आणि मरणाची खबर आणायचा आणि ती गाव नमुना नंबर १४मध्ये लिहिली जायची. २०२३नंतर कुणबी नोंदी शोधायला लोकांनी ही कोतवाल बुकं धुंडाळली, मोडी वाचणाऱ्यांना बरे दिवस आले. पणजोबाची जात सापडते का म्हणून पानं उलटणाऱ्यांच्या नजरेखालून गावची सगळी मरणं ओळीनं गेली असतील. आता नोंदणी १९६९च्या कायद्यानं, २१ दिवसांत.

कोल्हापूर शहरात ही नोंद बऱ्याचदा स्मशानापासून सुरू होते. महापालिका इथं अंत्यसंस्कार मोफत करते आणि लोक शेणी दान करतात. होळीला पाच शेणी कमी जाळा आणि स्मशानाला द्या, असं तालमी-मंडळं सांगतात आणि लोक ट्रॉल्या भरून देतात. मोठ्या पुरात पंचगंगेची स्मशानभूमीच पाण्यात जाते, मग बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प. रक्षाविसर्जनाच्या छोट्या जाहिरातीत ठिकाण बदललेलं दिसतं तेव्हा जाणत्याला पाण्याची पातळी वेगळी सांगावी लागत नाही. पहिल्या पानावर पुराचे मृत आकड्यात, आतल्या पानावर त्याच दिवसांत गेलेले नावागावानिशी, वय, मागे कोण कोण, सकाळी किती वाजता. या दोन पानांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे कुणी तपासत नाही.

आणि ते तपासणं अवघड नाही. जिल्ह्यातली मृत्यूनोंदणी गाववार, तारीखवार आहे. २०१९च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरची बेरीज घ्यावी, आधीच्या पाच वर्षांतले तेच तीन महिने शेजारी मांडावेत, बुडालेली गावं वेगळी, न बुडालेली वेगळी. कागलच्या वरच्या अंगाला मृत्यू तेवढेच आणि शिरोळला जास्त असं दिसलं, तर तो फरक कशाचा, हे विचारता येईल. नसला फरक, तर तेही कळेल, काकूंचं म्हणणं एकट्या त्यांच्या घरापुरतं खरं ठरेल. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेल्या पोराला प्रकल्प म्हणून पुरेल एवढंच काम आहे. मी मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "२०१९चं जमंल. २०२१चं नको सांगू त्याला. जुलैत पूर आणि त्याच जुलैत आपल्या जिल्ह्यात कोरोना. मयत कुठल्या रकान्यातनं आला, देवालाबी सांगता यायचं न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, २०१९च्या वेळीही दोन आठवडे बऱ्याच ग्रामपंचायतींची दप्तरं भिजलेली होती, तेव्हा नोंदीच्या तारखेवर जाऊ नकोस, मृत्यूच्या तारखेवर जा.